ट्रॉलीवर नेलेला कॉम्प्युटर

जुन्नरच्या आमच्या क्लासमध्ये नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी एक डेटाबेस उघडून ठेवते. काही नावं, काही पत्ते, बाकी काही नाही. मग विचारते, "ही फाइल कुठे आहे?" पोरं पडद्याकडे बोट दाखवतात. "ही काय मॅडम, हितं." मी पडद्याचं बटण दाबून तो काळा करते. "आता कुठे आहे?" पोरं हसतात. मला हसू येत नाही, त्यामुळे मॅडम खडूस आहेत असं माझं नाव पडलंय. पडू दे. जे दिसतं ती फाइल नसते, एवढी एक गोष्ट ज्याला कळली नाही त्याला मी पुढचा धडा शिकवत नाही.

हा खडूसपणा मी जन्माला येताना आणला नव्हता. तो मला आमच्याच वस्तीतल्या मंडळाने दिला.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बाकी सगळं जग गुरुजी. आंबेगाव तालुक्याच्या डोंगराकडच्या शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांना तेल लावत बसतात. दादांनी खांद्याला पिशवी लावली आणि घोडेगावच्या स्टँडवरून मिळेल ती गाडी पकडून वस्त्यावस्त्यांवर जायला लागले. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या आमच्या लोकांच्या वस्त्या. छप्पन साली आणि त्यानंतर ज्यांनी धम्म घेतला ती माणसं तेव्हा अजून होती, पण थकत चालली होती. त्या दिवसांत घरात काय झालं, देव्हारा कुणी हलवला, कोण रडलं, गावकीची कामं सोडल्यावर गाव कसं वागलं, हे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. पुढे त्याचं पुस्तक करायचं होतं. लिहायला पाठकोरे कागद. शब्द बदलायचा नाही, शुद्ध करायचं नाही. जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेला माणूस म्हातारपणी 'व्हतं'चं 'होतं' करायला तयार नव्हता.

उठताना ते प्रत्येकाला एक वाक्य सांगायचे, "तुमचं बोलणं राहील." ते ऐकून माणसं सुखावायची. आपलं बोलणं कुणी कागदावर उतरवण्याजोगं आहे, हेच बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळायचं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. घोडेगावच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एक वस्ती. तिथल्या एका म्हातारीला दादा मावशी म्हणायचे, नात्याने नव्हे, मानाने. ती आधी बोलायलाच तयार नव्हती. दोन फेऱ्या वाया गेल्यावर त्या दिवशी तिने दादांना आत घरात बसवलं, मला चहा दिला आणि म्हणाली, "पोरी, तू जरा बाहीर बस." मी अंगणात कोंबड्या बघत बसले. आतून बराच वेळ तिचा आवाज येत होता, मध्येच बंद पडत होता. परत येताना गाडीत दादा खिडकीबाहेर बघत राहिले. एवढंच म्हणाले, "तिने हे घरात कुणाला सांगितलेलं नाही."

त्याच सुमाराला कुठल्याशा निधीतून आमच्या वस्तीच्या समाजमंदिराला कॉम्प्युटर मिळाला. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. त्याच्यावर आधी प्लास्टिक, मग कापड, मग पुन्हा प्लास्टिक अशी व्यवस्था होती आणि किल्ली मंडळाच्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी एका सरकारी कचेरीत कामाला. भाषण चांगलं करायचे, हे मी कबूल करते. त्यापलीकडे कबूल करण्यासारखं काही सापडत नाही. दादांचं काम बघून त्यांनी सभेत जाहीर केलं, "लेण्याद्रीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. आपला दगड म्हणजे हा कॉम्प्युटर." टाळ्या पडल्या. दादांनीही वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या असतील.

मी नुकताच जुन्नरच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून भरायचं काम माझ्याकडे आलं. मी रीतसर डेटाबेस बांधला. दोन फायली केल्या. एकीत नुसता फॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारे रकाने, बटणं, वर मंडळाचं नाव. दुसरीत खरी माहिती, लोकांचं बोलणं. पहिली फाइल दुसरीचा पत्ता लक्षात ठेवते आणि उघडली की तिकडून मजकूर आणून दाखवते. असं वेगळं ठेवलं म्हणजे फॉर्ममध्ये काही बदलताना माहितीला धक्का लागत नाही. खरी फाइल सी ड्राइव्हमध्ये 'वस्ती' नावाच्या फोल्डरमध्ये होती. मी ते सेक्रेटरींना दाखवलं, फोल्डर उघडून, बोट ठेवून. ते म्हणाले, "बरं बरं." हे बरं बरं मी नंतर पुष्कळ ठिकाणी ऐकलंय. त्याचा अर्थ 'मला ऐकायचं नाही' असा असतो.

वीज असेल तेव्हा जायचं आणि टाइप करायचं, असं ते काम दीर्घकाळ चाललं. मावशीचं बोलणंही मीच टाइप केलं. पण टाइप करणारा वाचत नाही. त्याची नजर अक्षरावर असते आणि कान विजेकडे. ती नवी नवरी होती, सासूबरोबर देव्हाऱ्यातले टाक पदरात घेऊन नदीवर गेली, इथपर्यंत मला आठवतं. पुढे पान उलटलं आणि वीज गेली. उरलेलं मी दुसऱ्या दिवशी घाईघाईने भरलं.

भरून होत आलं तेव्हा मी म्हटलं, याची एक कॉपी दुसरीकडे ठेवू. माहितीची फाइल मोठी झाली होती, एका फ्लॉपीत मावत नव्हती. तुकडे करून चार-सहा फ्लॉप्यांवर घेता आली असती. एक संच आमच्या घरी, एक जुन्नरला क्लासमध्ये. सेक्रेटरींचा चेहरा बदलला. "बाहेर न्हाई जाणार. मंडळाची वस्तू हाय." त्यांना भीती वाटत होती ती दुसऱ्या गटाची. आमच्या वस्तीत दोन गट होते, तेव्हाही आणि आताही. फ्लॉपी बाहेर गेली की दुसरा गट आधी पुस्तक छापून मोकळा होईल आणि श्रेय त्यांना मिळेल, असा हिशेब. मी भांडले. दादा मध्ये पडले, पण माझ्या बाजूने नाही. "मंडळाचं आहे, मंडळाच्या परवानगीशिवाय नको." नियम म्हणजे नियम. ज्या माणसाने आयुष्यात शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नाही, त्याच्याकडून दुसरं काय निघणार?

मग सेक्रेटरींनीच कॉपी केली. त्यांनी फॉर्मची फाइल घेतली, कारण ती एका फ्लॉपीत बसली आणि तिच्यावर मंडळाचं नाव होतं. फ्लॉपी घालून त्याच कॉम्प्युटरवर उघडून मला दाखवली. सगळी नावं आली, सगळं बोलणं आलं. "बघ. उघडतंय की!" मी सांगितलं की माहिती फ्लॉपीतून नाही, सी ड्राइव्हमधूनच येतेय, ही फ्लॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. "दुसऱ्या कॉम्प्युटरवर कशापायी? आपला काय मेलाय का?" बाकीचे सभासद हसले. एवढी शिकलेली पोर आणि डोळ्यांना दिसतंय तेही मानत नाही, असं त्यांना वाटलं असणार. फ्लॉपी सेक्रेटरींच्या कपाटात गेली.

त्या वर्षी जयंती जोरात करायची ठरली. आधी समाजमंदिराची रंगरंगोटी. भिंतींना रंग लावायचा म्हणून कपाटं रिकामी केली, आणि दादांच्या कागदांचे गठ्ठे, जे मंडळाची वस्तू म्हणून तिथेच ठेवून घेतलेले होते, ते रद्दीत गेले. कुणी दिले ते कधीच नक्की कळलं नाही. "आता समदं कॉम्प्युटरात हाय की," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांना ते पटलं. आम्हाला हे जयंतीनंतर समजलं.

मिरवणुकीत दरवर्षी एक देखावा असायचा. कधी विहार, कधी शाळा. त्या वर्षी सेक्रेटरींच्या डोक्यात आलं की कॉम्प्युटरच न्यायचा. वस्तीने केवढी प्रगती केली ते गावाने बघावं. ट्रॅक्टरची ट्रॉली सजवायची, मधोमध टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, समोर पांढऱ्या साडीत बसलेली मुलगी. मुलगी म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, मी बसणार नाही आणि कॉम्प्युटरही नेऊ नका, हादऱ्याने आतली डिस्क जाते. न्यायचाच तर बंद ठेवून न्या. "बंद डबडं बघायला कोण येणार? नावं दिसली पायजेत." शेवटी सेक्रेटरींची पुतणी बसली. जनरेटर ट्रॉलीतच, त्याच्यावरच स्पीकर, त्याच्यावरच रंगीत दिवे आणि त्याच्यावरच कॉम्प्युटर.

खोटं कशाला सांगू, पहिला तासभर मलाही बरं वाटलं. ट्रॉली थांबली की माणसं चाकावर पाय देऊन वर चढायची. पुतणी नाव शोधायची आणि पडद्यावर एकेकाचा आजा, एकेकाची आई यायची. गावातले पाटलांकडचे लोकसुद्धा बघायला थांबले होते. मावशीला तिचा नातू एसटीने घेऊन आला होता. तिला चौघांनी धरून वर चढवलं. तिला वाचता येत नव्हतं. "ह्यातलं माझं कंचं?" तिने विचारलं. पुतणीने दाखवलं. मावशीने काचेवर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली. तिचा तो चेहरा मला आजही दिसतो, आणि दिसला की राग येतो. कुणाचा, ते दर वेळी बदलतं.

वेशीजवळच्या गतिरोधकावर ट्रॉली आदळली. पडदा निळा झाला, मग काळा. स्पीकर चालूच होता, पोरं नाचतच होती. पुतणीने बटणं दाबून बघितली आणि मग तशीच काळ्या पडद्यासमोर टायपिंगचं नाटक करत मिरवणूक संपेपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर आतून टिक टिक आवाज यायचा आणि डिस्क सापडत नाही असा संदेश. मी सेक्रेटरींना हात जोडून सांगितलं, याला कुणाला हात लावू देऊ नका. पुण्यात माहिती काढून देणारे लोक आहेत, मी चौकशी करते, येईपर्यंत डिस्क जपून ठेवा. मी पुण्याला गेले, दोन-तीन दुकानं हिंडले, एकाने आणून दाखवा म्हटलं. परत आले तर समाजमंदिरात पेढे वाटणं चाललेलं. कॉम्प्युटर ज्या दुकानाने पुरवला होता त्याचा माणूस येऊन गेला होता. वॉरंटी शिल्लक होती म्हणून त्याने नवी डिस्क बसवून दिली, आणि नियमाप्रमाणे जुनी घेऊन गेला. "फुकटात नवी मिळाली!" सेक्रेटरी म्हणाले. "आन् आपला माल हाय की फ्लॉपीत."

त्यांनी माझ्यासमोर फ्लॉपी लावली. दादा माझ्या शेजारी उभे होते. फॉर्म उघडला. वर मंडळाचं नाव, खाली रकाने: नाव, वस्ती, धम्म कधी घेतला, घरात काय झालं. सगळे रिकामे. आणि मधोमध इंग्रजीतला संदेश, की सी ड्राइव्हमधली 'वस्ती' फोल्डरमधली फाइल सापडत नाही. दादांनी चष्मा पुसून तो संदेश पुन्हा वाचला. मला हळूच म्हणाले, "म्हणजे याला पत्ता माहीत आहे."

"हो."

"आणि तिथे कुणी नाही."

मी त्या जुन्या डिस्कच्या मागे लागले. फोन केले, पत्र लिहिलं, त्या माणसाला पुण्यात जाऊन गाठलं. डिस्क कंपनीकडे गेली, कंपनी कुठे टाकते ते त्याला माहीत नव्हतं. मंडळाची बैठक झाली. त्यात विषय निघाला, तर सेक्रेटरी म्हणाले यंत्र आहे, बिघडतं, कुणाचा दोष नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहून म्हटलं की दोष यंत्राचा नाही, तुमचा आहे, तुम्ही मला फाइल बाहेर नेऊ दिली नाही, तुम्ही ती ट्रॉलीवर नाचवली आणि तुम्हीच ती देऊन टाकलीत. एक बाई मागून म्हणाली, "आगं, जरा जपून बोल, मोठी मान्सं हायत." दुसऱ्या गटाला हे सगळं कळलं तर नाक कापलं जाईल, म्हणून वाच्यता करायची नाही असा ठराव झाला. एकमताने. दादांनी विरोध केला नाही आणि हातही वर केला नाही.

मग त्यांनी पुन्हा पिशवी उचलली. तेव्हा त्यांचा श्वास लागायचा, चढण चढताना दोनदा बसायला लागायचं. बरीच घरं अशी निघाली की बोलणारं माणूस गेलेलं होतं आणि मुलांना काही ठाऊक नव्हतं. जी होती त्यातल्या काहींनी दुसऱ्यांदा सांगितलं, पण आटोपतं सांगितलं. दादा म्हणायचे, पहिल्यांदा माणूस सांगतो, दुसऱ्यांदा उरकतो.

मावशीकडे आम्ही दोघं गेलो. तिने चहा ठेवला. दादांनी वही काढली तशी तिने हात आडवा केला. "एक डाव सांगितलं की रं गुर्जी. त्या दिशी सांगून झाल्यावं मला दोन दिस भाकर ग्वाड लागली न्हाई. आता परत न्हाई सांगायची मी. मशिनीत घातलंस ना? मी बोट लावून बघितलंय. मंग तिथनं काढ." आणि मग जरा घाबरून, "हाय ना तिथं?"

मी दादांकडे बघितलं. ते आता खरं सांगतील अशी माझी खात्री होती. ते वही मिटत म्हणाले, "हाय मावशी. समदं हाय." तिने पदराने तोंड पुसलं आणि चहात साखर घातली.

दोन-तीन वर्षांनी मावशी गेली. शोकसभेला आमचे सेक्रेटरी आले होते. तोवर ते तालुक्याच्या पातळीवर पोहोचले होते आणि त्यांना गाडी होती. बोलायला उभे राहिले. म्हणाले, आजी शरीराने गेल्या तरी त्यांचा इतिहास आपल्या मंडळाच्या संगणकात कायमचा सुरक्षित आहे. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला वाटतं तोपर्यंत त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. ज्याने घालवलं त्याला ते गेल्याचं दुःख नाही, आणि ज्याने जमवलं तो खाली मान घालून सतरंजीवर बसलेला, हे मला बघवेना. मी उठून बाहेर गेले.

पुढच्या रविवारी मावशीचा नातू आमच्या घरी आला. चाकणला कंपनीत कामाला होता. सोबत कोरी फ्लॉपी आणली होती, कुणी सांगितलं म्हणून. "गुरुजी, आजीचं तेवढं काढून द्या. घरात ठिवतो."

दादांनी त्याला खरं सांगितलं. काहीही न लपवता, मंडळाचा ठराव मोडून. नातू ऐकत राहिला. फ्लॉपी त्याच्या हातातच होती.

"मंग तुमाला आठवतंय तेवढं तरी सांगा."

"ती सासूबरोबर टाक घेऊन नदीवर गेली," दादा म्हणाले आणि थांबले. "नदीवर काय झालं ते तिने मला सांगितलं होतं. पण तसं सांगणाऱ्या अजून दोघी-तिघी होत्या आणि आता माझ्या डोक्यात सगळ्या एक झाल्यात. दुसरीचं बोलणं मी तिच्या तोंडी घालणार नाही."

नातू उठला. चपला घालता घालता म्हणाला, त्याच्या आवाजात राग नव्हता, "आमी लई येळा इचारलं व्हतं तिला. शेवटच्या दुखण्यात बी इचारलं. ती म्हनायची, मला आता बोलाया लावू नका, गुर्जीच्या मशिनीत समदं हाय, मी गेल्यावं तिथं वाचा."

दादा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मी तिला त्या दिवशी 'मशिनीत काही नाही' म्हणालो असतो, तर तिने तुम्हाला सांगितलं असतं."